स्थानभ्रष्ट ग्रंथीचा मागोवा

(ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्थानभ्रष्ट परावटु ग्रंथी आणि किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने होणारी तिची शस्त्रक्रिया, हा आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. हा विषय शल्यविशारदांच्या परिषदेचा. पंचायतीच्या सभागृहात त्याचे काय काम? त्यातून बोलणारा वैद्य नव्हे, कला शाखेचा पदवीधर आहे. शंका रास्त आहे. परंतु या शस्त्रक्रियेचा रुग्ण मोठ्या रुग्णालयाच्या दारात उभा राहतो तो शेवटी. त्याआधी काही वर्षे तो आपल्याच गावात असतो. हाडे दुखतात म्हणून तो तेल चोळून घेतो. एक मुतखडा पडला की वर्ष-दोन वर्षांत दुसरा तयार होतो. बद्धकोष्ठ असते, तहान फार लागते, मन कशात रमत नाही. एखादे दिवशी उंबऱ्याला ठेच लागते आणि तेवढ्यानेच मांडीचे हाड मोडते. घरचे म्हणतात, वय झाले. शेजारी म्हणतात, वात आहे. बहुतेकांच्या बाबतीत कारणे खरोखरच नेहमीची असतात. पण थोड्यांच्या बाबतीत, थोड्यांच्याच असे मी मुद्दाम म्हणतो, या साऱ्या तक्रारींचे मूळ मसुरीच्या दाण्याएवढ्या एका ग्रंथीत असते. आणि त्या थोड्यांपैकीही काहींच्या शरीरात ती ग्रंथी तिच्या ठरलेल्या जागी नसते.

आपल्या गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथी असते. तिलाच आपण थायरॉइड म्हणतो. आयोडीन कमी पडल्यास जी वाढून गलगंड होतो, ती हीच. (संस्कृतात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू आणि ग्रंथी तर पुढे आहे, परंतु परिभाषेत शब्द रुळला आहे, तेव्हा आता त्याच्याशी भांडण नको.) या अवटु ग्रंथीच्या पाठीशी, दोन डाव्या व दोन उजव्या बाजूस, अशा साधारणतः चार परावटु ग्रंथी असतात. पॅराथायरॉइड हे त्यांचे इंग्रजी नाव. एकेकीचे वजन तीस ते पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एक-दोन दाण्यांइतके. नावात साम्य असले, शेजार असला, तरी अवटु ग्रंथीच्या कामाशी यांच्या कामाचा संबंध नाही. आयोडीनयुक्त मीठ खाल्ल्याने यांचा विकार टळत नाही की बरा होत नाही.

यांचे काम एकच, रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम एवढे असावे लागते. ते जरा उतरले की परावटु ग्रंथी आपला अंतःस्राव रक्तात सोडतात. त्यासरशी हाडांतून कॅल्शियम निघते, मूत्रपिंडे ते बाहेर जाऊ देत नाहीत आणि ड जीवनसत्त्वाच्या मदतीने आतडी अन्नातून अधिक शोषून घेतात. प्रमाण पुरेसे झाले की स्राव आवरतो. पाण्याच्या टाकीत तरंगत्या गोळ्याची झडप असते, तसाच हा प्रकार आहे. टाकी भरली की झडप मिटते. चारांपैकी एखाद्या ग्रंथीत गाठ वाढली, म्हणजे ही झडप अडकली असे समजावे. रक्तात कॅल्शियम भरपूर असूनही स्राव चालूच राहतो, हाडे रिती होत जातात आणि मूत्रपिंडांत खडे साचतात. गाठ बहुधा कर्करोगाची नसते. शंभरातील ऐंशीहून अधिक रुग्णांत एकच ग्रंथी बिघडलेली असते. ती काढली की रोग गेला. औषधांनी तो दाबता येतो, पण मुळातून जात नाही. ऐकायला हे सोपे वाटते. अडचण आहे ती ग्रंथी सापडण्याची.

या ग्रंथींचा शोधच मुळी उशिरा लागला. त्या प्रथम दिसल्या त्या माणसात नव्हे, तर आपल्या देशातील गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३४ साली विकत घेतलेला एक भारतीय गेंडा १८४९ मध्ये मेला. रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञांनी त्याचे विच्छेदन केले तेव्हा अवटु ग्रंथीला चिकटलेला एक लहान पिवळसर पिंड त्यांना आढळला व त्यांनी तो नोंदवून ठेवला. माणसातील या ग्रंथींचे नीट वर्णन १८८० साली स्वीडनमधील उप्साला येथील इव्हार सँडस्ट्रॉम यांनी केले. शोध सुरू केला तेव्हा ते वैद्यकाचे विद्यार्थी होते. त्यांच्या निबंधाकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९२५ मध्ये व्हिएन्ना येथे डॉ. फेलिक्स मांडल यांनी हाडे ठिसूळ होऊन अंथरुणास खिळलेल्या एका ट्राम कंडक्टरच्या मानेतून परावटु ग्रंथीची गाठ काढली आणि तो पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी रोग उलटला हे खरे, पण शस्त्रक्रियेची वाट तेथून उघडली.

आता ही ग्रंथी आपली जागा का सोडते? उत्तर गर्भावस्थेत आहे. या ग्रंथी गर्भाच्या घशाजवळच्या घड्यांतून तयार होतात व तेथून खाली उतरतात. वरच्या दोन ग्रंथींचा प्रवास थोडा असतो. खालच्या दोघी मात्र थायमस नावाच्या दुसऱ्या ग्रंथीच्या सोबतीने निघतात आणि थायमसला तर छातीत जायचे असते. सोबतीण सुटली नाही, तर परावटु ग्रंथी तिच्याबरोबर छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला जाऊन बसते. कधी ती निघतच नाही व जबड्याच्या कोनाजवळ राहते. वरच्या जोडीपैकी एखादी वाढून जड झाली तर अन्ननलिकेच्या मागे घसरते. एखादी अवटु ग्रंथीच्या पोटातच दडते, एखादी मानेतील मोठ्या रोहिणीच्या आवरणात. शिवाय संख्याही सर्वांत सारखी नसते. स्वीडनमध्ये १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या पाचशे तीन मृतदेहांच्या तपासणीत चौऱ्याऐंशी टक्के लोकांत चार ग्रंथी होत्या, तेरा टक्क्यांत चाराहून जास्त आणि तीन टक्क्यांत तीनच दिसल्या. शस्त्रक्रियेला आलेल्या रुग्णांत बिघडलेली ग्रंथी भलत्या जागी असण्याचे प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत निरनिराळे असले, तरी साधारण दहांतून एक-दोन असे समजण्यास हरकत नाही.

याचा अर्थ रुग्णाच्या दृष्टीने काय होतो, हे समजण्यासाठी एकाच माणसाची हकीकत पुरेशी आहे. अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवर कॅप्टन चार्ल्स मार्टेल नावाचे एक अधिकारी होते. सहा फुटांवर उंची, धिप्पाड देह. ऐन तारुण्यात त्यांची हाडे दुखू लागली, मोडू लागली, पाठीचा कणा दबत गेला. हळूहळू त्यांची उंची सुमारे सात इंचांनी घटली. १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथे डॉ. यूजीन ड्युबॉइस यांनी हा परावटु ग्रंथीचा विकार असल्याचे ओळखले. निदान अचूक होते. पण त्या वर्षापासून १९३२ पर्यंत त्यांच्यावर सहा शस्त्रक्रिया झाल्या आणि दोषी ग्रंथी काही सापडेना. प्रत्येक वेळी मान उघडली गेली, चांगल्या ग्रंथी दिसल्या, वाईट ती दिसली नाही. कॅप्टन मार्टेल यांनी स्वतः शरीररचनेचे ग्रंथ वाचून काढले आणि आता छातीत पाहा, असा आग्रह धरला असे सांगतात. १९३२ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. एडवर्ड चर्चिल व डॉ. ऑलिव्हर कोप यांनी सातव्या शस्त्रक्रियेत छातीचे हाड उघडले, आणि ती गाठ तेथे होती. परंतु तोवर मूत्रपिंडांची फार हानी झाली होती. मुतखड्यासाठी पुढे आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागली व काही आठवड्यांतच त्यांचा अंत झाला. हाताखाली निष्णात डॉक्टर होते, रोगाचे नाव ठाऊक होते, रुग्णाची चिकाटी असामान्य होती. नव्हते ते एवढेच, की ग्रंथी कोठे आहे हे चाकू लावण्यापूर्वी सांगणारे साधन.

ते साधन पुढे अणुविज्ञानाने दिले, आणि तेही वळणावळणाने. मूलद्रव्यांच्या कोष्टकात त्रेचाळिसावी जागा बराच काळ रिकामी होती. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलेव्ह यांनी तेथे येणाऱ्या मूलद्रव्याला आगाऊ नाव देऊन ठेवले होते एका-मँगनीज. त्यातील ‘एका’ हा आपल्या संस्कृतातील ‘एक’ होय. १९३७ साली इटलीतील पालेर्मो येथे पेरिए व सेग्रे यांनी ते शोधले आणि कृत्रिम रीतीने मिळाले म्हणून त्याचे नाव टेक्नेशियम पडले. त्याचा ९९-एम हा समस्थानिक रुग्णालयांच्या फार कामाचा आहे. त्यातून गॅमा किरण निघतात, ते शरीराबाहेरून मोजता येतात आणि दर सहा तासांनी त्याची तीव्रता निम्मी होते. आज सकाळी दिलेल्या मात्रेचा उद्या सकाळपर्यंत सोळावा हिस्सा उरतो. लघवीवाटे जाते ते वेगळेच. इतके अल्पायुषी द्रव्य साठवून ठेवता येत नाही. म्हणून मॉलिब्डेनम या द्रव्याचे भांडे रुग्णालयात ठेवतात आणि त्यातून रोज ताजे टेक्नेशियम काढून घेतात. मॉलिब्डेनमची तीव्रता निम्मी व्हायला सहासष्ट तास लागत असल्याने एक भांडे आठवडाभर पुरते. या भांड्याला तंत्रज्ञ गंमतीने ‘गाय’ म्हणतात आणि टेक्नेशियम काढण्याला ‘दूध काढणे’. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या राज्यात या शास्त्राची परंपरा जुनी आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सार वैद्यक केंद्र परळ येथे १९६३ पासून आहे, आणि किरणोत्सारी द्रव्यांचा रुग्णालयांना पुरवठा करणारे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ नवी मुंबईत वाशी येथे आहे.

टेक्नेशियमला सेस्टामिबी या रसायनाची जोड दिली, ती हृदयाच्या तपासणीसाठी. ज्या पेशींत ऊर्जा निर्माण करणारे तंतुकणिक अधिक, त्यांत हे रसायन अधिक साठते. १९८९ साली इंग्लंडमधील संशोधकांच्या ध्यानात आले की वाढलेल्या परावटु ग्रंथीतही ते साठते. पुढे १९९२ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी त्याची रीत बसवली. इंजेक्शन दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी एक चित्र घ्यायचे व दोन-तीन तासांनी दुसरे. पहिल्या चित्रात अवटु ग्रंथीही उजळलेली असते. दुसऱ्या चित्रापर्यंत तिच्यातील द्रव्य ओसरते आणि दोषी परावटु ग्रंथीचा ठिपका मागे उरतो. मग तो मानेत असो, जबड्याखाली असो वा छातीच्या हाडामागे. सी.टी. चित्राची जोड दिली म्हणजे तो ठिपका किती खोल आहे हेही कळते.

चित्र मिळाले तरी शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्रश्न उरतोच. चित्र सपाट असते, शरीर नसते. मेदाच्या गोळ्यात, लसीका ग्रंथींच्या गर्दीत आणि विशेषतः आधीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणांत ती पिवळट-तांबूस ग्रंथी डोळ्यांना वेगळी दिसत नाही. येथे किरणशोधक सळई पुढे येते. ही शाईच्या पेनापेक्षा थोडी जाड असते. तिच्या टोकाशी गॅमा किरण टिपणारा स्फटिक असतो व बाजूने येणारे किरण अडवण्यासाठी जड धातूचे कवच असते. शेजारच्या यंत्रावर आकडे उमटतात आणि आवाज येतो. किरण अधिक असतील तिकडे सळई वळली की आवाज चढतो. १९९७ साली अमेरिकेत फ्लोरिडातील टँपा येथील डॉ. जेम्स नॉर्मन यांनी या पद्धतीने लहान छेदातून केलेल्या शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला व तेव्हापासून तिचा बोलबाला झाला.

रुग्णाला त्याच दिवशी सकाळी इंजेक्शन देतात व साधारण दोन तासांनी शस्त्रक्रिया सुरू होते. शल्यविशारद सळई त्वचेवर फिरवून कोठे आकडा चढतो ते पाहतात, तेथे दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात आणि आवाजाच्या रोखाने पुढे जातात. ग्रंथी काढली की तिला सळईच्या टोकावर धरून, रुग्णापासून दूर नेऊन, मोजतात. काढलेल्या तुकड्याचा आकडा मानेतील सर्वसाधारण आकड्याच्या वीस टक्क्यांहून अधिक भरला, तर ती दोषी परावटु ग्रंथीच. मेद किंवा लसीका ग्रंथी एवढा आकडा दाखवीत नाहीत. १९९९ मध्ये मांडलेला हा वीस टक्क्यांचा नियम मला फार आवडला, कारण त्यात मताला जागा नाही. गावच्या काट्यावर माल तोलावा तसे हे आहे.

ग्रंथी छातीत असेल तर दोन वाटा असतात. थायमसच्या वरच्या टोकाशी असेल तर पुष्कळदा मानेच्या छेदातूनच ती वर ओढून घेता येते. त्याहून खोल असेल तर बरगड्यांमधून दुर्बीण व बारीक हत्यारे घालतात आणि सळईही तेथूनच आत जाते. कॅप्टन मार्टेल यांचे छातीचे हाड कापावे लागले. आज बऱ्याच रुग्णांचे ते वाचते. मात्र येथे एक खोच आहे. हे रसायन मूळचे हृदयासाठी केलेले, तेव्हा हृदयही किरणे फेकीत असते. सळई चुकून तिकडे रोखली गेली तर हृदयाचाच आवाज ऐकू येतो. म्हणून सळई हृदयाकडे पाठ करून धरावी लागते आणि हे कौशल्य यंत्राचे नसून हाताचे आहे.

नव्या यंत्राविषयी बोलताना त्याची स्तुतीच करावी असा एक संकेत पडून गेला आहे. मी तो पाळणार नाही. पहिल्याच वेळी शस्त्रक्रिया होत असेल आणि ग्रंथी मानेतच असेल, तर अनुभवी शल्यविशारद सळईवाचूनही शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे करतात. सळईचे खरे मोल आहे ते स्थानभ्रष्ट ग्रंथीत आणि दुसऱ्या वेळच्या शस्त्रक्रियेत. तेथे व्रणांत हात घालताना आवाजाची नस दुखावण्याचा धोका वाढलेला असतो. शिवाय ग्रंथी फार लहान असेल किंवा चारही ग्रंथी बिघडलेल्या असतील, तर चित्रात काहीच दिसत नाही असेही घडते. अवटु ग्रंथीतील साध्या गाठीही कधी द्रव्य धरून ठेवतात व चकवतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी आणखी एक ताळा घेतात. परावटु स्राव रक्तात तीन-पाच मिनिटांतच निम्मा होतो. ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासले व स्राव निम्म्याहून खाली आलेला दिसला, म्हणजे दुसरी दोषी ग्रंथी उरलेली नाही असे मानून जखम शिवतात. अलीकडे कोलीनयुक्त द्रव्याची पेट तपासणीही आली आहे व साध्या चित्रात न दिसणाऱ्या काही ग्रंथी ती दाखवते.

यावरून एक गोष्ट आपण सर्वांनी मनात पक्की करावी. चित्र हे निदान नव्हे. निदान रक्ताने होते. रक्तात कॅल्शियम जास्त आणि त्याच वेळी परावटु स्रावही जास्त, किंवा जितका कमी व्हायला हवा तितका कमी झालेला नाही, म्हणजे रोग आहे. मग चित्र कोरे आले तरी रोग आहेच. चित्रात काही नाही म्हणून घरी परत आलेला रुग्ण हा बरा झालेला रुग्ण नसतो. त्याला पुन्हा पाठवावे लागते.

किरणोत्साराचे नाव काढले की लोक बिचकतात. त्यांच्या समाधानासाठी आकडा सांगतो. या तपासणीत रुग्णाला सुमारे सहा-सात मिलिसिव्हर्ट एवढा किरणोत्सार मिळतो. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून प्रत्येक माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने दोन-सव्वादोन मिलिसिव्हर्टहून थोडा अधिक मिळतच असतो. म्हणजे तीनेक वर्षांचा निसर्गाचा हिस्सा एका दिवसात. पोटाच्या एका सी.टी. तपासणीपेक्षा हे जास्त नाही. गर्भवतीला मात्र ही तपासणी सहसा करीत नाहीत, तेव्हा गरोदरपणाची शंका असली तर डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. तान्हे मूल अंगावर पीत असेल तर तेही सांगावे. अशी द्रव्ये वापरणाऱ्या विभागांवर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

आता आपल्या गावाकडे येऊ. पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुधा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत, लक्षणे दिसण्यापूर्वीच सापडतो. आपल्याकडे तो अद्यापही पुष्कळदा मोडलेल्या हाडांतून, जबड्यावर आलेल्या गाठीतून किंवा वारंवार होणाऱ्या मुतखड्यातून प्रकट होतो, आणि तोही पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे आणि आपल्या स्त्रिया अंगावर दुखणे किती काढतात हे मी सांगायला नको. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडांची दशा आणखी बिघडते. अशा रुग्णाला कोणी परस्पर कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करून देतो. रक्तात आधीच जे जास्त आहे तेच वर घातले जाते. रक्तातील कॅल्शियम पाहण्याची चाचणी साधी व स्वस्त आहे. ती मोठ्या शहरातच होते असे नाही. दुसऱ्यांदा मुतखडा झालेला माणूस, किरकोळ धक्क्याने हाड मोडलेली मध्यमवयीन बाई, सतत हाडे दुखणारा तरुण, यांनी ही चाचणी एकदा तरी करून घेतली आहे का, एवढा प्रश्न ग्रामसभेच्या दिवशी आलेल्या आरोग्यसेविकेला विचारता येतो. खर्चाची अडचण असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते हे त्यांच्याकडून लेखी समजून घ्यावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

शेवटी शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांविषयी दोन शब्द, कारण हा भाग पुन्हा गावातच घडतो. दोषी ग्रंथी निघाली की वर्षानुवर्षे रिती होत आलेली हाडे रक्तातील कॅल्शियम अधाशासारखे ओढून घेऊ लागतात. उरलेल्या चांगल्या ग्रंथी तोवर सुस्त पडलेल्या असतात. त्यांना जागे व्हायला वेळ लागतो. अशा वेळी रुग्णाच्या ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात, क्वचित आकडीही येते. शस्त्रक्रिया बिघडली किंवा किरण बाधले, असे समजून घरचे लोक घाबरतात आणि आता मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याच बंद करतात. आदल्या महिन्यात जे वर्ज्य होते तेच या महिन्यात औषध असते. या गोळ्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत चुकवायच्या नाहीत, मुंग्या वाढल्या तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे, आणि सहा महिन्यांनी रक्तातील कॅल्शियम पुन्हा तपासून घ्यायचे. ते तेव्हा योग्य पातळीवर आढळले तरच रोग बरा झाला असे डॉक्टर मानतात.